बुंदीचं घर: उबदार बिळाचा तिढा एकदाचा सुटला

मंडळी, बुंदीच्या, म्हणजे माझ्या पाळीव लेपर्ड गेको पालीच्या, घरातलं गरम बाजूचं बीळ अखेर गरम झालं! मागच्या अपडेटमध्ये ४ बाय २ बाय २ फुटी लाकडी व्हिव्हेरियम (सरपटणारे प्राणी पाळायची पेटी), माती-वाळूचं ७०-३० मिश्रण आणि आर्केडिया कंपनीची ७ टक्के यूव्हीबीवाली (अतिनील किरणांची) शेडड्वेलर ट्यूब इथवर आलो होतो. यूव्हीबीचं पुन्हा उगाळत नाही, ते सुरळीत आहे. रडगाणं होतं उष्णतेचं.

हॅलोजन दिव्याखालच्या केव्हवर, म्हणजे लपायच्या दगडी दिसणाऱ्या गुहेवर, इन्फ्रारेड गन (दुरून पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र) मारली की ३५ अंश. झकास. पण बुंदीबाई दिवसभर त्या केव्हच्या आत, आणि आत तापमापकाचा प्रोब सरकवला तर जेमतेम २४! म्हणजे थंड बाजू नि गरम बाजू एकच. खाणं मंदावलं, समोर डुबिया (तिच्या खाण्याचं झुरळ) सोडला तरी नुसती बघत बसायची. लेपर्ड गेको दुपारी उन्हात पसरणारा प्राणी नव्हे. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला हा जीव दिवसा फटीत दडतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. वरचे ३५ अंश तिच्या उपयोगाचेच नव्हते.

थर्मोस्टॅट (दिव्याचं तापमान राखणारं उपकरण) चढवला तर बाहेरचा पृष्ठभाग ४० च्या वर जाणार आणि चढून बसली तर पोट भाजणार. तळाला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावावी, तर वर ३ इंच मातीचा थर. माती ऊब अडवते आणि मॅट खालच्या खाली तापत राहते. मॅट अजूनही सगळ्यांना सुचवली जाते, पण रिकाम्या टाकीत, किचन पेपरवर ती ठीक. डीप हीट प्रोजेक्टर (उजेडाशिवाय ऊब देणारा दिवा) तर कार्टमध्ये टाकूनही झाला होता.

खरा सुगावा दिव्यानेच दिला. हॅलोजन सतत मिणमिणता असायचा. थर्मोस्टॅट डिमिंगवाला, त्याचा प्रोब केव्हच्या माथ्यावर. माथा लगेच ३५ ला पोचायचा आणि दिवा मंद. दगड इतक्या झटकन तापतो कुठे? केव्हचा कोपरा सुरीने खरवडला, तर रंगाच्या नि सिमेंटच्या पापुद्र्याखाली पांढरं शुभ्र थर्माकोल. गणपतीच्या मखराला शोभेल असं! ‘नैसर्गिक खडकासारखी ऊब धरते’ म्हणून ऑनलाइन विकलेली वस्तू, किंमतही खडकाचीच. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण रॉक केव्ह घेताना हातात धरून वजन बघा.

मग इथे इंग्लंडात लीड्सजवळच्या एका जुन्या बांधकाम-सामानाच्या यार्डातून छपराच्या स्लेट (पाटीच्या दगडाच्या पातळ फरश्या) आणल्या. आपल्याकडे असते तर कडप्प्याचे तुकडे शोधले असते. जाडी ६ मिलीमीटर, रंग काळा, पृष्ठभाग बिनचकाकीचा, त्यामुळे गनचं रीडिंगही भरवशाचं. मातीवर न ठेवता थेट तळाच्या फळीवर विटांचे आधार दिले, म्हणजे बाईंनी कितीही उकरलं तरी छत कोसळायला नको. जोड अ‍ॅक्वेरियम सिलिकॉनने. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत तिला आत सोडलं नाही. फट मुद्दाम ३-४ सेंटीमीटरचीच ठेवली, पाठ छताला टेकेल इतकी.

आता आकडे बघा: स्लेटवर ३५, छताच्या खालच्या बाजूला ३२, फटीतल्या जमिनीवर २८. थंड बाजू २४. दिवाही आता नीट पेटलेला असतो. बुंदी फटीत शिरली, पाठ स्लेटला चिकटवली, शेपूट बाहेर. त्याच संध्याकाळी डुबियावर झडप! (आई व्हिडिओ कॉलवर: ‘झुरळं विकत आणतेस?’) मधल्या मॉसच्या ओल्या डब्यात कातही अख्खी निघाली, बोटांवर कातीच्या टोप्या अडकल्या नाहीत. त्या राहिल्या की बोट आवळून गळून पडतं, म्हणून प्रत्येक कातीनंतर भिंगातून बघते.

पुढे दुसऱ्या मजल्याची स्लेट चढवणार होते. पण हे लिहिताना वाटतंय, पातळ स्लेट दिवा विझला की लगेच गार पडते आणि बाई तर तेव्हाच बाहेर येतात. त्यापेक्षा फटीच्या जमिनीला जाड सँडस्टोनची लादी टाकली, तर दिवसभराची ऊब संध्याकाळी उशिरापर्यंत टिकेल. रात्री खोली १८-१९ ला येते, त्याची काळजी नाही. ओढ फक्त त्या संधिकाळाच्या तासांची आहे. म्हणजे दुसरा मजला रद्द, आधी लादी. वजन चांगलंच होणार, तेव्हा फळीखाली आडवी पट्टी ठोकावी का? लाकडी व्हिव्हेरियममध्ये कोणी इतका दगड रचला असेल तर सांगा.