सॅक पॅनिकचा पॅच आणि अडलेला एक रकाना

पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारा बदल, लावायला फारसा वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो परवानगीच्या फॉर्मने, आणि तो राग अजून गेलेला नाही.

१७ जून २०१९ ला लिनक्स आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, काही त्रुटी जाहीर झाल्या. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी त्या शोधल्या होत्या. सर्वांत वाईट त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७, नाव 'सॅक पॅनिक'. लिनक्स २.६.२९ पासून पुढची कर्नल्स तिच्या तडाख्यात येत होती. मी सांभाळत असलेल्या ग्राहकाचे सगळे सर्व्हर त्यातच.

हल्लेखोर टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोचवण्याची पद्धत) जोडणी करताना एमएसएस, म्हणजे एका तुकड्याची कमाल मर्यादा, ४८ बाइटवर आणतो, त्यामुळे एका तुकड्यात जेमतेम ८ बाइट डेटा उरतो. मग सॅकच्या, म्हणजे नेमके कोणते तुकडे पोचले ते सांगणाऱ्या, पोचपावत्या अशा क्रमाने पाठवतो की कर्नल तुकडे एकमेकांना जोडत जातं. तुकड्यांची संख्या १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ मध्ये मावेनाशी झाली की कर्नल पॅनिक होतं, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे काम सोडून देतं, आणि अख्खं मशीन थांबतं. लॉगिन नको, पासवर्ड नको.

कर्नल बदलायचं म्हणजे रीबूट, आणि रीबूटला ग्राहकाची मंजुरी हवी. त्यांच्या फॉर्मवर दोन प्रश्न होते: गोपनीय माहिती बाहेर जाऊ शकते का? डेटा बदलला जाऊ शकतो का? दोन्हींचं खरं उत्तर 'नाही'. त्याबरोबर अर्जावर 'प्राधान्य: कमी' असा शेरा पडला आणि काम पुढच्या ठरलेल्या देखभालीच्या रात्रीवर गेलं. सेवा बंद पडू शकते का, हे विचारणारा रकानाच नव्हता! फोन केला तर उत्तर आलं, "डेटा जात नाही ना? मग एवढी घाई कशाला?" त्रुटीची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएस पद्धतीचा १० पैकी ७.५ गुण दाखवला. तो सगळा उपलब्धतेच्या धोक्यामुळेच आहे, हेही समजावलं. पण गुण लिहायला फॉर्मवर जागा नाही, म्हणून तो नोंदवलाच गेला नाही. ज्यांची बिलं त्या सर्व्हरवर निघतात त्यांना सर्व्हर बंद म्हणजे धंदा बंद. याला सुरक्षेचा प्रश्न न मानणं मला आजही पटत नाही.

शेवटी त्यांच्या व्यवस्थापक मॅडमना चाचणीच्या मशीनसमोर बसवलं आणि सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या लिनक्समधल्या सोयीने) मुद्दाम पॅनिक घडवला. पडदा गोठला, बिलिंगचं पान उघडेना. "मॅडम, हे बाहेरून कुणीही करू शकतो," एवढंच म्हणालो. तातडीची मंजुरी त्याच संध्याकाळी आली. अर्ज अडला असेल तर तांत्रिक वर्णन बाजूला ठेवा. कोणतं काम थांबेल ते पहिल्या ओळीत लिहा.

मंजुरी येईपर्यंत टीसीपी सॅकची सेटिंग शून्यावर ठेवून तो बंद करता येतो, त्याला रीबूट लागत नाही. पॅकेट गळणाऱ्या लाइनवर वेग मात्र घटतो. दुसरा मार्ग फायरवॉलवर फार लहान एमएसएस अडवण्याचा. पण एमटीयू प्रोबिंग (पॅकेटचा योग्य आकार अजमावण्याची सोय) बंद असेल तरच त्याचा उपयोग.

नवं कर्नल इन्स्टॉल झालं म्हणजे ते चालू झालं असं नाही. रीबूटनंतर 'यूनेम -आर' हा आदेश चालवून चालू कर्नलची आवृत्ती बघाच. आणि हो, 'कर्नल.पॅनिक' या सेटिंगची किंमत शून्य असेल तर पॅनिकनंतर मशीन आपोआप उठत नाही, कुणीतरी रीस्टार्ट करेपर्यंत तसंच पडून राहतं. तिथे काही सेकंद टाकून ठेवा.