‘आधीची हॅश’ या रकान्यात गेलेले माझे अकरा महिने

पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स अभियंता म्हणून काम करायचं असेल तर नोकरी कशी मिळते, हे मला बरेच जण विचारतात. अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत, चारित्र्य पडताळणी. वेळ लागतो, पण वाट सरळ आहे. स्वतःच्या सहीने अहवाल देण्याचा अधिकार कसा मिळतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तिथे अकरा महिने लागले. त्यातले जवळजवळ सगळे एका फॉर्मवरच्या दोन बोटं रुंद रकान्यात गेले. तीन वर्षं झाली, तरी तो फॉर्म हातात आला की माझं डोकं तापतं.

आधी थोडं कामाबद्दल. जळालेले फोन, पाण्यातून काढलेले फोन, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचे डीव्हीआर, पडलेले ड्रोन, एटीएमवर चिकटवलेले कार्ड चोरणारे घरगुती सर्किट हे सगळं माझ्या टेबलावर येतं. संगणकवाले सहकारी चालू यंत्रातून माहिती काढतात. यंत्र मेलेलं असेल तर ते माझ्याकडे येतं. त्याआधी मी सात वर्षं सर्किट बोर्डांची रचना आणि दुरुस्ती करत होतो. बोर्डावरची मेमरी चिप गरम हवेने सोडवायची, साफ करायची, सॉकेटमध्ये बसवून वाचायची, यात मला नवं काही नव्हतं. माझा हात बसलेला होता. म्हणून अधिकारपत्र दोन-तीन महिन्यांत मिळेल, असं मी धरून चाललो होतो.

आयएसओ/आयईसी १७०२५ हे चाचणी प्रयोगशाळांचं मानक आहे. मान्यता हवी असलेल्या प्रयोगशाळेला ते पाळावं लागतं. हल्ली वापरात आहे ती २०१७ ची आवृत्ती. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: पद्धत वापरण्याआधी ती चालते हे पुराव्याने दाखवा, आणि ती कोण वापरू शकतो याचा नावानिशी अधिकार द्या. दोन्ही मला पटतात. माणसाचं स्वातंत्र्य ज्या अहवालावर ठरणार, तो ‘माझा हात बसलेला आहे’ एवढ्यावर उभा राहू शकत नाही.

प्रशिक्षण झालं, लेखी चाचणी झाली, सराव मुद्देमालावर प्रात्यक्षिकही झालं. मग पद्धत प्रमाणीकरणाचा, म्हणजे पद्धत चालते हे पुराव्याने दाखवण्याचा, फॉर्म गुणवत्ता विभागाकडे गेला.

आठवड्याने तो परत आला. एकच रकाना लाल पेनाने गोल केलेला होता: ‘मूळ वस्तूची हॅश – आधी’. त्याच्या शेजारी ‘मूळ वस्तूची हॅश – नंतर’. दोन्ही सक्तीचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॅश म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. माहितीतला एक बिट बदलला तरी आकडा पार बदलतो. हार्ड डिस्कसाठी ही पद्धत चोख आहे. डिस्क राइट ब्लॉकरला लावायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाऊ शकत नाही, मग हॅश काढायची, प्रत काढायची, पुन्हा हॅश काढायची. दोन्ही जुळल्या की काम संपलं. तो फॉर्म हार्ड डिस्कसाठीच बनवलेला होता आणि कुणीतरी तोच सगळ्या पद्धतींना लावून टाकला होता.

जळालेल्या फोनची ‘आधीची’ हॅश काढायची कशी? फोन चालू होत नाही म्हणूनच तर चिप काढायची आहे. चिप वाचली जाते तीच मुळी बोर्डावरून सुटल्यावर. पहिली हॅश मिळते तो क्षण ‘नंतरचा’च असतो. मी रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. फॉर्म परत. ‘लागू नाही, कारण उपकरण बंद’ लिहिलं. परत. दोन पानांचं स्पष्टीकरण जोडलं. तिसऱ्यांदा परत, या वेळी ‘रकाना रिकामा ठेवता येणार नाही’ असा शेरा.

मग मी गुणवत्ता विभागातल्या मॅडमना भेटायला गेलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फॉर्म दुसऱ्यांदा परत आला की लिहिणं थांबवा आणि जाऊन समोर बसा. त्या म्हणाल्या, “तुमचं म्हणणं मला कळतंय. पण कार्यपद्धतीत लिहिलंय की दोन्ही हॅश हव्यात. मी ती मोडून तुम्हाला अधिकार दिला, तर उद्या ऑडिटमध्ये तुमचे सगळे अहवाल पडतील.”

“मग कार्यपद्धती बदलायची कशी?”

“आढावा बैठकीत. वर्षातून दोनदा होते. प्रस्ताव तीस दिवस आधी यायला हवा.”

बैठकीला बावीस दिवस उरले होते. त्या आठ दिवसांसाठी मला पुढचे सहा महिने थांबावं लागलं.

त्या काळात माझ्या सहीने काही जाऊ शकत नव्हतं. प्रयोगशाळेत या पद्धतीचा अधिकार असलेले एकच वरिष्ठ होते आणि ते महिन्यातले निम्मे दिवस साक्षीसाठी न्यायालयात असत. एक बेपत्ता तरुणाचा पाण्यात सापडलेला फोन पाच आठवडे कपाटात पडून राहिला. पाण्यातून काढलेला बोर्ड नुसता पडून असला तरी गंजत राहतो, क्षार आतल्या आत तांबं खातात. मी रोज त्या कपाटासमोरून जात होतो, काय करायचं ते मला माहीत होतं आणि मला हात लावायची परवानगी नव्हती. अखेर सरांनी तो उघडला तेव्हा बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या दोन वाटा गंजून गेल्या होत्या. मेमरी चिप एपॉक्सीच्या आवरणात बंद असते, म्हणून तेवढी वाचली आणि तिच्यातून माहिती निघाली. माझा राग त्या पाच आठवड्यांचा आहे. तो अजून गेलेला नाही.

(ओला फोन जप्त करणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो: चालू करून बघू नका, चार्जरला लावू नका. बॅटरी निघत असेल तर लगेच काढा आणि तो पाण्यातून आला आहे हे पाकिटावर ठळक लिहून त्याच दिवशी पाठवा.)

बैठकीची वाट बघताना मी प्रस्तावाची तयारी सुरू केली. मॅडमनी एक प्रश्न विचारला होता आणि तो रास्त होता: खऱ्या मुद्देमालाची आधीची हॅश मिळत नसेल, तर चिप काढण्याने माहिती बदलत नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? मला सोल्डरिंग येतं, हे त्याचं उत्तर नव्हे.

उष्णतेचा मुद्दा खरा आहे. जुनं शिसेमिश्रित सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. हल्लीचं नेहमीचं शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, म्हणजे हवा त्याहून बरीच गरम ठेवावी लागते. आणि फ्लॅश मेमरीतली माहिती म्हणजे सूक्ष्म पेशींत अडकवून ठेवलेला विद्युतभार. उष्णतेने तो गळतो. जास्त वेळ जास्त तापवलं तर बिट उलटतात.

म्हणून मी चाचणीचे वीस बोर्ड घेतले. दहांवर ईएमएमसी, म्हणजे कंट्रोलर (मेमरीचा कारभार बघणारं सर्किट) आतच असलेली चिप. दहांवर साधी नँड फ्लॅश, जिच्यात कंट्रोलर नसतो. सगळ्यांत मला माहीत असलेली माहिती भरली. चिप बोर्डावर असतानाच एकदा वाचून घेतली: ईएमएमसी बोर्डावरच्या चाचणी बिंदूंना बारीक तारा जोडून, नँड जेटॅगने, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या चाचणी जोडणीतून. जेटॅगचं मानक १९९० मध्ये आलं ते बोर्डावरचे सांधे नीट जुळलेत का हे तपासायला. ही ‘आधीची हॅश’. मग चिप काढल्या, वाचल्या आणि ‘नंतरची’ काढली.

ईएमएमसीच्या दहाही जुळल्या. नँडची मात्र एकही जुळली नाही. आणखी वाईट म्हणजे तीच चिप सॉकेटमधून न हलवता दोनदा वाचली तरी दोन वेगळ्या हॅश येत होत्या. संध्याकाळचे सात वाजले होते आणि आता सगळं संपलं असं मला वाटलं.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला ते दोन मिनिटांत सुचायला हवं होतं. नँडमध्ये वाचताना काही बिट चुकणं हे तिच्या स्वभावातच आहे. म्हणून मेमरीच्या प्रत्येक ‘पानाला’ (एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याला) जोडून थोडी जादा जागा असते आणि तिथे चूक दुरुस्त करणारा कोड ठेवलेला असतो. ईएमएमसीचा कंट्रोलर ही दुरुस्ती आतच करतो, आपल्याला कळतही नाही. साधी नँड आपल्याला कच्चा मालच देते. दुरुस्ती लावून मग हॅश काढली, तेव्हा दहापैकी नऊ जुळल्या.

दहावी जुळली नाही. त्या बोर्डावर चिपखाली चिकट भराव होता, तो सुटेना म्हणून मी हवा जास्त वेळ धरली. काही पानांत चुका इतक्या झाल्या की कोडलाही त्या दुरुस्त करता आल्या नाहीत. तो बोर्ड वगळून अहवाल देण्याचा मोह झाला, हे मी मोकळेपणाने सांगतो. वगळला नाही. किती अंश, किती सेकंद, किती पानं गेली, सगळं लिहिलं, आणि भराव असलेल्या बोर्डांसाठी पाठीमागून बोर्ड घासत चिपपर्यंत जायची थंड पद्धत सुचवली. मॅडम दोन तास त्या एका बोर्डाचेच फोटो बघत बसल्या. बाकी एकोणिसांवर त्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत.

प्रस्तावात मी ब्रिटनच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटनेची चार तत्त्वंही जोडली. त्यातलं दुसरं असं की मूळ माहितीला हात लावणं भाग पडलं, तर तो माणूस सक्षम असावा आणि आपण काय केलं, त्याचा परिणाम काय, हे त्याला सांगता यावं. अशी तत्त्वं शोधायला मी उशीर केला. तुमच्या अडचणीत आधी कुणीतरी अडकलेलं असतं आणि समितीला तुमच्या शब्दांपेक्षा ते लवकर पटतं.

बैठकीत वीस मिनिटांत मंजूर झालं. रकाना आता असा आहे: ‘आधीची हॅश, शक्य नसल्यास कारण व प्रमाणीकरण अहवाल क्रमांक’. एवढंच. अकराव्या महिन्यात माझ्या नावाचं अधिकारपत्र आलं. ते मी घरी नेऊन दोनदा वाचलं.

या कामाकडे येणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. नव्या फोनांवर चिप काढून फारसं हाती लागत नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, नव्या फोनांवर माहिती कूटबद्ध ठेवणं सक्तीचं आहे आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. एकटी मेमरी चिप वाचून नुसता गोंधळ दिसतो. तिथे तोच बोर्ड जिवंत करावा लागतो, एकेक वीजवाट दुरुस्त करत. म्हणून नुसती गरम हवा शिकून येऊ नका, सर्किटचा नकाशा वाचायला शिका.

पहिली साक्ष अधिकारपत्रानंतर पाच महिन्यांनी झाली. बचाव पक्षाच्या वकिलांनी फॉर्म उघडला आणि बोट ठेवलं ते नेमकं त्याच रकान्यावर. “आधीची हॅश नाही. म्हणजे तुम्ही चिप काढताना काय बदललं, हे तुम्ही सांगू शकत नाही?” मी प्रमाणीकरण अहवालाचा क्रमांक सांगितला. त्यांनी तो मागवला आणि फसलेल्या बोर्डाचं पान वाचायला लावलं. मी वाचलं. या मुद्देमालाच्या बोर्डावर भराव नव्हता, त्याचा फोटो कोणत्या पानावर आहे तेही दाखवलं. मग त्यांनी विचारलं की हॅश जुळली म्हणजे त्यातले संदेश माझ्या अशिलानेच पाठवले असं का? मी नाही म्हणालो. वाचल्यापासून प्रत बदललेली नाही एवढंच हॅश सांगते. संदेश कुणी लिहिला हे ती सांगत नाही आणि मीही सांगू शकत नाही. चाळीस मिनिटं चाललं. बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा भूक लागल्याचं जाणवलं.

एक राहिलंच. त्या जुन्या फॉर्मवर फक्त एमडी५ या हॅश काढण्याच्या जुन्या पद्धतीसाठी जागा होती. त्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींची एकच हॅश बनवता येते, हे २००४ मध्येच दाखवलं गेलंय, आणि एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीचंही २०१७ मध्ये तेच झालं. जागा नसली तरी शेजारी एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश लिहाच. आणि फॉर्म देण्याआधी गरम हवेच्या यंत्राच्या तापमापकाच्या कॅलिब्रेशनची तारीख बघा. माझी प्रमाणीकरणाच्या मधोमध संपत होती, ते एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, नाहीतर वीसही बोर्ड पुन्हा करावे लागले असते.