शरणपूर, राबाई आणि एक रंधा

केनियात मोंबासाजवळ राबाई नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये रविवारी पाहुण्यांना उभं करतात. आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, दोन शब्द बोलायचे. आमच्या नऊ जणांत माझा नंबर शेवटचा. आधीच्यांनी पुणे, नगर, मुंबई सांगितलं, मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "नाशिक. शरणपूर." टाळ्या आल्याच नाहीत. बायकांच्या बाकांवर कुजबुज झाली, आणि तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. "नासिकी?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती सगळ्या बाकांना वळसा घालून माझ्यापर्यंत आली, माझा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

त्या हाताबद्दल लिहायचं म्हणून हा लेख लिहायला बसलो. बाकी प्रवास त्याच्या मागेपुढे येईल तसा येईल.

केनियाला जायचं ठरलं तेव्हा आमच्या तरुण संघात एकच वाद होता. दहा दिवस राबाईजवळच्या एका शाळेत काम करायचं, आणि नंतर ज्यांना जमेल त्यांनी टांझानियात उतरून किलीमांजारो चढायचा. मंडळीतले एक वडीलधारे मला म्हणाले, "सेवेला चाललाय की डोंगर हुंदडायला? एक काय ते ठरव." मला त्यांचं म्हणणं लागलं होतं. चढाईचा एक रुपयाही अर्पणातून घ्यायचा नाही, हे आम्ही पाच जणांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आणि तो खर्च माझ्या दीड वर्षाच्या बचतीएवढा झाला. पण वाद पैशाचा नव्हताच. एका माणसाच्या पोटात दोन्ही ओढी असू शकतात का, हा होता.

मी त्यांना रेबमानची गोष्ट सांगितली होती. जोहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी राबाईलाच राहायचा. तिथून तो हत्यार न घेता, हातात छत्री घेऊन, ब्वाना खेरी नावाच्या वाटाड्याबरोबर आत चालत गेला आणि ११ मे १८४८ रोजी त्याला किलीमांजारोचं बर्फ दिसलं. विषुववृत्ताजवळ बर्फ आहे हे युरोपातल्या भूगोलवाल्यांनी कितीतरी वर्षं खरं मानलं नाही. हा माणूस २९ वर्षं आफ्रिकेत राहिला आणि दृष्टी गमावून परतला. मला वाटायचं, आपल्या बाजूने बोलायला एवढा दाखला पुरे. राबाईला पोचल्यावर कळलं की मी चुकीच्या माणसाचा दाखला देत होतो.

मुंबई-नैरोबी विमान, मग मोंबासापर्यंत रेल्वे. त्सावोच्या लाल मातीत खिडकीतून हत्ती दिसले, तेही मातीमुळे लालच. मोंबासाचा दमट उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

शाळेतलं काम साधं होतं: तीन वर्गखोल्या रंगवायच्या, मोडकी बाकं ठोकून द्यायची. स्वाहिलीत रंगाला 'रांगी' म्हणतात, साबणाला 'साबुनी', गोणीला 'गुनिया', आंब्याला 'एंबे'. दुसऱ्या दिवशी मी स्थानिक सुतारांशी अर्धं मराठी बोलून काम चालवत होतो आणि चालत होतं. ही बंदरा-बंदरांतून आलेली भाषा आपल्या किती जवळची आहे, हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. आमच्यातल्या एकाने वह्या-पेन्सिली वाटायचा कार्यक्रम ठेवला. फोटो नीट यावा म्हणून मुलांना पाऊण तास उन्हात रांगेत उभं केलं. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, एकदा फक्त घड्याळाकडे बघितलं. त्या फोटोत मीही आहे. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या चार दिवसांत माझं निम्मं लक्ष डोंगरातच होतं. शिडीवर चढ-उतार करताना मी पायऱ्या मोजायचो, चढाईचा सराव म्हणून. कोणी अशी जोड-सहल आखत असेल आणि मला विचारेल, तर मी एवढंच सांगेन की माझ्या बाबतीत ते वडीलधारे निम्मे बरोबर ठरले.

मग तो रविवार आला.

उपासनेनंतर ती आजी मला घरी घेऊन गेली. तिथे आजीला 'बीबी' म्हणतात. मधला दुभाषा तिचा नातू, मोंबासाच्या बंदरावर नोकरी करणारा, चांगलं इंग्रजी बोलणारा. दूध घालून उकळलेला चहा आला, त्याला नावही 'चाय'च.

मी शरणपूर रोडवर वाढलो. 'शरणपूर' म्हणजे शरण आलेल्यांचं गाव, एवढं माहीत होतं. कोण शरण आलं होतं, हे कधी विचारलं नव्हतं. आफ्रिकेतून गुलाम नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडायचं आणि त्यांतली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यांतली पुष्कळ चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ठेवली. तिथे ती वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली, मोठी झाली. आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी लिव्हिंगस्टन, त्याचं शव आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत ज्यांनी वाहून आणलं, त्यांतला जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला. १८६४ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर नाशिकहून राबाईला आले. १८७५ मध्ये मोंबासासमोर सुटलेल्या गुलामांची वसाहत वसली, तिचं नावही मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून फ्रिअरटाउन. त्या वसाहतीची घंटा अजून उभी आहे आणि आजूबाजूच्या वस्तीला लोक 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. नाशिक-मुंबईहून परतलेल्या या माणसांना केनियात 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

जोन्सबद्दल नातवाने जे सांगितलं ते मला झोपू देईना. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाला पायी निघाले तेव्हा जोन्स बरोबर होता. बिशपना वाटेत बुसोगामध्ये ठार मारलं. उरलेल्या माणसांना घेऊन जोन्स शेकडो मैल चालत राबाईला परतला, आणि त्यांच्या पुढे निळ्या कापडाचं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद'. शमुवेलच्या पुस्तकातलं नाव, वैभव निघून गेलं असा अर्थ. रेबमानच्या छत्रीची गोष्ट मी वर्षभर सांगत फिरलो होतो. आमच्या शरणपुरातून निघालेला हा माणूस मला माहीतच नव्हता. राबाईच्या मंडळीला तो माहीत होता. म्हणून टाळ्या वाजल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी मी मदत घेऊन आलेला पाहुणा नव्हतो, मी त्यांच्या जुन्या गावचा माणूस होतो.

आजी आत गेली आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. लाकडी ठोकळा, हाताएवढा लांब, मधे पात्यासाठी खाच. पातं केव्हाच गेलेलं. मागच्या बाजूला जिथे तळहात टेकतो तिथे लाकूड इतकं झिजलं होतं की बोटांचे खळगे पडले होते. तिच्या वडिलांचे आजोबा लहानपणी नाशिकला होते, तिथे सुतारकी शिकले, त्यांचं हे. ती म्हणाली, "रांदा."

"रंधा," मी म्हणालो.

"रांदा," ती पुन्हा म्हणाली, आणि हसली. माझी बोटं तिने त्या खळग्यांत बसवली. बसली.

मग तिने नातवाकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "ती विचारते, सगळे परत आले का? की आमचं कोणी तिकडेच राहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

राहिलेले दिवस मी बाकं ठोकली. बीबीच्या घरी आणखी दोनदा गेलो.

किलीमांजारोबद्दल थोडक्यात. टावेटावरून सीमा ओलांडली, मारांगूच्या वाटेने सहा दिवस. आपली कळसूबाई १६४६ मीटर, आणि इथली पहिल्या रात्रीची झोपडीच २७०० वर. फाटकापाशी वजनकाट्यावर हमालांची ओझी मोजतात, वीस किलोच्या वर नाही. आमचा वाटाड्या लुथरन, निघण्याआधी त्याने टोपी काढून प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हणालो. शेवटच्या रात्री बारा वाजता निघालो, भुसभुशीत खडीत एक पाऊल वर तर अर्धं खाली. पाचांतले दोघे हान्स मायर गुहेपासून परतले. मी सकाळी पावणेनऊला ५८९५ मीटरच्या पाटीपाशी पोचलो. पूर्वेला, जिकडून रेबमान आला होता तिकडे, ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. ओढ खरी होती, आणि ती सेवेच्या आड येते असं मला आजही वाटत नाही. पण वर उभं राहून माझ्या डोक्यात बीबीचा प्रश्न होता.

परतल्यावर त्या वडीलधाऱ्यांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "जुनी बाप्तिस्म्याची, दफनाची पुस्तकं बघायला हवीत. चल, पाळकसाहेबांशी मी बोलतो." दोन शनिवार आम्ही दोघं शोधतोय. कब्रस्तानातही फिरलो. बरेच दगड बसलेत, अक्षरं बोटांनी चाचपून लावावी लागतात.

परवा नातवाचा मेसेज आला. बीबी विचारते, सापडलं का कोणी.

अजून नाही, असं कळवलं आहे. येत्या शनिवारी उत्तरेच्या भिंतीकडची रांग घ्यायची आहे.