चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश

आज सुट्टी, दिवसभर अमेरिकेचा जुना इतिहास वाचत लोळत होते. देश नवा, सुप्रीम कोर्टाचा पत्ता नाही आणि राज्यं जमिनीवरून हमरीतुमरीवर! राज्यांना एकत्र बांधणाऱ्या १७८१ च्या करारातला (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) तोडगा बघा: आपसांत न्यायाधीश ठरले नाहीत, तर प्रत्येक राज्यातून तीन नावं, दोन्ही पक्षांनी आळीपाळीने खोडत तेरावर यायचं, मग सात ते नऊ चिठ्ठ्या काढायच्या. भारी डोकं!

वायोमिंग खोरं (आजच्या पेनसिल्व्हेनियातलं, वायोमिंग राज्य नव्हे) कुणाचं, या पेनसिल्व्हेनिया-कनेक्टिकट वादात मात्र दोघांनी आपसांतच नावं ठरवली. डिसेंबर १७८२ मध्ये ट्रेंटनला पाच जणांनी एकमताने पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने निकाल दिला. कारणं? एक ओळही नाही. त्या खोऱ्यात घरं बांधून बसलेल्या कनेक्टिकटवाल्यांचे सातबारे तसेच लटकले. दोन वर्षांत तिथे पुन्हा बंदुका निघाल्या.