हळद दारात बघावी

फेब्रुवारीत हळदीचे सौदे रंगात आले की आमच्या पेढीवर सगळंच पिवळं होतं. टेबल पिवळं, वहीच्या कडा पिवळ्या, चहाच्या कपाचा कान पिवळा. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या, वजनं मांडायची, हमाली-तोलाईचा हिशोब धरायचा, ही जुनी कामं. त्यात अलीकडं एक नवीन भर पडली आहे. मालाचे फोटो काढायचे आणि परगावच्या व्यापाऱ्यांना मोबाईलवर धाडायचे. हे काम माझ्याच गळ्यात का पडलं, तर पेढीवर चष्मा पुसून घालणारा मी एकटाच.

दोन वर्षांपूर्वी राजापुरी हळदीचा एक सुरेख लॉट आला होता. हळकुंड मोडलं की खट्ट वाजावं आणि आतला गाभा केशराकडं झुकलेला दिसावा, असा. संध्याकाळी सातला ट्यूबलाईटखाली मी पोत्याचं तोंड उघडून झकास जवळून फोटो काढला आणि गुजरातेतल्या एका गिऱ्हाइकाला पाठवला. दहा मिनिटांत फोन. "दिवाणजी, माल तो फीका है. हरा मारता है."

हरा? मी हातातलं हळकुंड बघितलं. पिवळंधमक. मोबाईलमधलं बघितलं. लिंबाच्या सालीसारखं, जरा आजारीच. एकच हळकुंड, एकच दिवा, एकच मी. पण दोन रंग.

मालकांना सांगितलं तर ते पट्टीवर सही करता करता, वर न बघता म्हणाले, "हळद दारात बघायची असते."

हे त्यांचं जुनं पालुपद. पेढीचं एक दार उत्तरेला आहे. मालक मूठभर हळकुंडं घेऊन त्या दाराच्या उंबऱ्यावर उभे राहतात. ना आत, ना उन्हात. एक मोडतात, गाभा बघतात, दुसरं मोडतात. उन्हात धरली तर सगळीच हळद सोनं दिसते आणि आत बघितली तर सगळीच माती, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं म्हणे. मी ते इतकी वर्षं ऐकून सोडून दिलं होतं. वडिलोपार्जित गोष्टींपैकी निम्म्या अशाच सोडून द्यायच्या असतात. कुठल्या निम्म्या, एवढंच कळत नाही.

त्या रविवारी भाचा जेवायला आला. तो मिरजेला असतो, लग्नाचे फोटो काढतो. त्याला फोटो दाखवला तर हसायलाच लागला.

"मामा, तुम्ही अख्खी चौकट हळदीनं भरली. मोबाईलला वाटलं, एवढं पिवळं कसं असेल? दिवाच पिवळा असणार. मग त्यानं पिवळेपणा काढून टाकला."

"म्हणजे हळदीला नीळ घातली."

"नीळ?"

त्याच्या पिढीला नीळ सांगावी लागते. आमचे आजोबा धोतर नेसायचे. धुतलेलं धोतर कितीही घासलं तरी पिवळट व्हायचंच, म्हणून शेवटच्या पाण्यात आजी नीळ विरघळवायची. पिवळ्यावर चिमटीभर निळं पडलं की डोळा म्हणतो, पांढरं. नीळ कमी पडली तर धोतर कळकट, जास्त झाली तर आजोबा आभाळाचा तुकडा गुंडाळून देवळात निघाल्यासारखे दिसायचे. कॅमेऱ्यात जी व्हाइट बॅलन्स नावाची भानगड आहे, ती हीच. कॅमेऱ्याच्या आत रंग ओळखणारे बारीक खण असतात. चारांत दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा. ही मांडणी बायर नावाच्या कोडॅकच्या माणसाची, 1976 सालच्या पेटंटातली. पिवळ्या दिव्याखाली निळ्या खणात जमा कमी होते, तेव्हा कॅमेरा निळ्याच्या आकड्याला गुणून तो वर आणतो. ढगाळ उजेडात तांबडं कमी पडतं, मग तांबड्याला गुणतो. ऑटोवर ठेवलं की किती नीळ घालायची ते त्याचं तोच ठरवतो. आणि समोर पोतंभर हळद असली की बिचारा फसतो.

भाच्यानं मग ऑटो बंद करून त्याचा कॅमेरा 'के'वर लावला. आता नीळ आपल्या हातात. एक चाक फिरवायचं, आकडा बदलतो, 2500 पासून 10000 पर्यंत. दिव्याखाली काहीतरी पांढरं ठेवायचं आणि पडद्यावर ते खरोखर पांढरं दिसेपर्यंत चाक फिरवायचं. जिथं थांबलात तो त्या उजेडाचा आकडा, केल्विनमध्ये. थोडक्यात, कॅमेऱ्याला उलटं धरून विचारायचं, बाबा रे, तुला किती नीळ लागली? त्यावरून धोतर किती मळलं होतं ते कळतं.

केल्विन हे तापमान मोजायचं माप. उजेडाला तापमान कसलं, हा प्रश्न मलाही पडला. गावाकडं लोहाराच्या भात्यासमोर बसलेला माणूस याचं उत्तर देईल. लोखंड तापलं की आधी मिणमिणतं तांबडं होतं, मग नारिंगी, मग पिवळट. तसंच तापवत राहता आलं असतं तर पाच-सहा हजारांवर पांढरं आणि त्याच्याही वर निळसर झालं असतं. पण लोखंड त्याच्या कितीतरी आधी वाफ होऊन जातं. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार 2700 च्या आसपास तापलेली असते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5800. म्हणजे रंग बघून तापमान सांगता येतं, आणि तापमान सांगितलं की रंग.

इथंच बायकोनं हरकत घेतली. दुकानात पिवळ्या दिव्याला 'वॉर्म' म्हणतात आणि पांढऱ्याला 'कूल'. मग पिवळ्याचा आकडा कमी आणि पांढऱ्याचा जास्त कसा? मी म्हटलं, आंबा फ्रीजमधून काढून खाल्ला तरी तो उष्णच ना तुझ्या मते? तसंच हे. "आंब्याला मध्ये आणू नका," ती म्हणाली, पण गप्प बसली.

भाच्यानं कॅमेरा आठवडाभर माझ्याकडं ठेवला, ही त्याची चूक. मी रात्री घरभर उजेड मोजत फिरायला लागलो.

पहिली अडचण पांढऱ्याचीच. छापायचा कोरा कागद घेतला, तर भाचा फोनवर म्हणाला, कागदात चकाकीसाठी रसायन घालतात, ते उजेडातला न दिसणारा भाग खाऊन निळं ओकतं. शर्टाच्या पावडरीतही तेच. म्हणजे सौद्याला आलेल्या शंभर शेतकऱ्यांच्या शंभर पांढऱ्या टोप्या आपल्याला आयत्या मिळाल्या असं वाटलं होतं, त्या सगळ्या बाद. उलट, टोपीला प्रमाण मानलं तर कॅमेऱ्याला वाटणार उजेड निळसर आहे, तो पिवळं वाढवणार आणि फिकी हळदसुद्धा टवटवीत दिसणार. ही युक्ती मी मालकांना सांगितलेली नाही. शेवटी भाच्याच्या पिशवीतलं करड्या रंगाचं कार्ड घेतलं. करडा म्हणजे अंधारातला पांढराच, त्यात कुठल्याच रंगाची बाजू घेतलेली नसते.

दुसरी अडचण माझ्या डोळ्यांची. पडद्याकडं मिनिटभर बघत राहिलं की डोळा त्यालाही सरावतो आणि पिवळट कार्डालाही पांढरं म्हणायला लागतो. डोळ्यासारखा मिंधा साक्षीदार नाही. ज्याच्या घरात बसेल त्याच्या बाजूनं बोलतो. त्यामुळं नीट आकडा हवा असेल तर फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याला नीळ घालू न देता, काढायचा आणि कॉम्प्युटरवर त्यातल्या कार्डावर रंग उचलणाऱ्या ड्रॉपरनं टिचकी मारायची. आकडा समोर येतो, आणि त्याच्या शेजारी दुसरा एक, हिरवट की गुलाबट ते सांगणारा. आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या खोक्यावर 6500 छापलं होतं. कॅमेऱ्यानं जवळपास तेच सांगितलं, पण हिरवटपणही पकडलं. वीस वर्षं त्या ट्यूबखाली जेवतोय, भात कधी हिरवा वाटला नाही.

न्हाणीघरात जुना पिवळा बल्ब अजून टिकून आहे. तिथं 2750. हॉलमध्ये एलईडी, 3000 च्या आगेमागे. आता हा एलईडी हाताला जेमतेम कोमट लागतो, तो काही तीन हजारांवर तापलेला नसतो. तितक्या तापलेल्या वस्तूसारखा दिसतो, एवढंच. आत निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा लेप. निळा अंगात ठेवून वरून हळद लावली की पांढरा उजेड तयार! त्या आतल्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. हळद लावणाऱ्याला काय मिळालं कुणास ठाऊक, आमच्याकडं करवलीला निदान साडी मिळते.

एक गंमत लक्षात आली. न्हाणीघर आणि हॉल यांच्यात फरक अडीचशेचा, पण एका दारातून दुसऱ्यात जाताना तो कळतो. उलट दुपारच्या ढगाळ उजेडात 6300 काय नि 6600 काय, काही कळत नाही. दहा हजार पगारवाल्याला हजार वाढवले तर घरात गोड होतं, लाखवाल्याला पत्ताही लागत नाही, तसं. म्हणून फोटोवाले दहा लाखाला त्या आकड्यानं भागतात आणि येणाऱ्या मायर्डमध्ये हिशोब धरतात. दिवाणजीच्या जिवाला हे फार पटलं.

देवघरात मात्र कॅमेरा हरला. समईची ज्योत 1900 च्या घरात, आणि चाक 2500 च्या खाली जात नाही. कार्ड काही केल्या पिवळंच. गल्लीच्या तोंडावर अजून एक सोडियमचा दिवा आहे, तिथंही तेच आणि वर आणखी एक. त्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच, मग गुणणार कशाला? डब्यातच नीळ नाही. त्याखाली मी एका हातात हळद आणि दुसऱ्या हातात ज्वारी घेऊन उभा राहिलो. दोन्ही जवळपास एकाच रंगाच्या. समोरच्या घरातल्या काकू गॅलरीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं, "भाऊजींनी कुणाची दृष्ट काढली?"

शनिवारी संध्याकाळी कॅमेरा घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलो. आयर्विन पुलाच्या कमानी समोर, पाणी संथ. कार्ड पायरीला टेकवून ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी फोटो घेत बसलो. ऊन कार्डावर होतं तोवर आकडा उतरत गेला. पाच हजार, चार हजार सहाशे, साडेतीन. शेवटी ऊन तांबूस होऊन 2900 वर आलं. पुलाचा दगड आणि पायरीवर वाळत घातलेलं कुणाचं तरी लुगडं, दोन्ही तापल्यासारखी दिसत होती. मग सूर्य गेला. मला वाटलं, आकडा आता तळाला जाणार. तो उसळला. सात हजार, मग नऊ, आणि पुढं दहा हजारांची हद्द गाठून चाक अडकलं. सूर्य गेल्यावर उरतो तो नुसता आभाळाचा उजेड, आणि आभाळ निळं. डोळ्याला तो अंधार वाटतो, कॅमेऱ्याच्या लेखी तो दिवसातला सगळ्यात 'तापलेला' उजेड. माझ्या मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय मोजताय?" मी म्हटलं, उजेड. तो म्हणाला, "संपत आलाय की."

घरी येऊन वाचलं. केल्विन हे मुळात माणसाचं आडनावच नाही. विल्यम थॉमसन बेलफास्टमध्ये जन्मला, ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवायचा, 1848 मध्ये त्यानं ही तापमानाची पट्टी मांडली. 1892 मध्ये लॉर्ड झाल्यावर किताबाला नाव काय घ्यायचं, तर विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं. ती नदी केल्विन. म्हणजे मी कृष्णेकाठी बसून संध्याकाळचा उजेड एका दुसऱ्या नदीनं मोजत होतो.

यंदा पुन्हा चांगला लॉट आला. या वेळी मी चुकलो नाही. सकाळी दहा वाजता उत्तरेच्या दारात, उंबऱ्यावर, हळकुंडं पसरली, दोन मोडून गाभा वर केला, कोपऱ्यात करडं कार्ड ठेवलं. आकडा आला सात हजारांच्या वर. सकाळी आठलाही जवळपास तोच होता, दुपारी चारलाही. या दिवसांत उत्तरेच्या दारात ऊन शिरत नाही, त्यामुळं तिथला उजेड घाटावरच्यासारखा उड्या मारत नाही. मालकांच्या वडिलांनी दार बघून पेढी घेतली की पेढी घेतल्यावर दार बघितलं, ते विचारायला आता कुणी नाही.

फोटो हातातल्या हळदीशी ताडून बघितला, तंतोतंत. धाडला. रात्री फोन आला.

"दिवाणजी, माल अच्छा है. लेकिन थोडा ज्यादा लाल लगता है."

मी खुर्चीतून उठलोच. पाच मिनिटं उलटसुलट विचारल्यावर उलगडा झाला. त्याच्या मोबाईलवर रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा आपोआप पिवळा होतो. दारात बसून मी जे मोजलं होतं ते सगळं त्यानं तांबूस काचेतून बघितलं.

मग पाव किलो हळकुंडं कागदात बांधली, वर लॉटचा नंबर घातला आणि कुरियरनं धाडून दिली. चौथ्या दिवशी त्याचा फोन. "दुकान के बाहर जाके देखा. साठ बोरी भेज दो."

मालकांना सांगितलं. ते पट्टीवर सही करत होते. वर बघितलंही नाही.