दुसरं अपील : आयोगाचे अधिकार कुठे संपतात (माझा अनुभव)

माहिती अधिकार कायद्याखाली रस्त्याच्या एका कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही), मंजूर अंदाजपत्रक आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागितल्या होत्या. कार्यालय राज्य शासनाचं. अर्ज, पहिलं अपील आणि मग राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे दुसरं अपील, असा सगळा पल्ला गाठावा लागला. सुनावणीत काय पदरात पडणार हे बरंचसं पहिल्या अर्जाच्या कागदावरच ठरून जातं, असं माझं मत झालंय. म्हणून सुरुवात तिथूनच.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये (नियमांत ठरवून दिलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. कामाचं नाव, आर्थिक वर्ष, उपविभाग आणि हवी ती कागदपत्रं नावानिशी लिहावीत. ‘काम निकृष्ट का झालं?’ असला प्रश्न घातला की अधिकाऱ्याला आयती पळवाट मिळते, कारण कायदा अभिलेख (कार्यालयात असलेली कागदपत्रं) देतो, खुलासे देत नाही. पोच घेताना नुसता गोल शिक्का पुरत नाही. आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही हवेत. ‘अर्ज मिळालाच नाही’ हे वाक्य सुनावणीत हमखास येतं, आणि तेव्हा तो आवक क्रमांकच कामाला येतो.

३० दिवसांत उत्तर नाही, तर तो कायद्याने नकारच. तिथून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, स्टॅम्प २० रुपये. मुदत टळल्यावर माहिती मोफत द्यावी लागते [कलम ७(६)], हे अपिलात लिहून ठेवावं. पहिला अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला वरिष्ठ असतो. त्याचा आदेश बहुतेक वेळा ‘माहिती विनामूल्य पुरवावी’ एवढ्यावरच थांबतो, तारीख घातलेली नसते. तारीख घालून घ्यावी, आणि ती मागणी लेखी करावी. त्याने निर्णयच दिला नाही तर? काही नाही. कलम २० ची शास्ती (दंड) फक्त जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे मूळ अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला लागते, अपिलीय अधिकाऱ्याला नाही. ही कायद्यातली सगळ्यात मोठी फट, असं मला वाटतं.

दुसरं अपील जोडपत्र ‘क’ मध्ये, ९० दिवसांच्या आत, पुन्हा २० रुपये. सोबत तारीखवार यादी आणि सगळ्या पोचा. पहिल्या अपिलाला ३० दिवसांची, फार तर ४५ दिवसांची मुदत आहे. आयोगाला कायद्याने कसलीच मुदत घातलेली नाही, त्यामुळे प्रकरण किती पडून राहावं याला धरबंध नाही.

इथे कलम १८ आणि कलम १९ यांची गल्लत फार होते. कलम १८ खाली तक्रार केली तर आयोग समन्स काढू शकतो, शपथेवर साक्ष घेऊ शकतो, शास्ती लावू शकतो. माहिती द्या असा आदेश मात्र देऊ शकत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं. कागद हवे असतील तर कलम १९(३) चं अपीलच लागतं. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे कागद करावेत.

शास्तीचं गणितही पाहून ठेवावं. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये. म्हणजे १०० दिवसांत मर्यादा गाठली जाते. पुढे उशीर तीन वर्षांचा झाला तरी आकडा तोच. शिवाय शास्ती व्यक्तीवर असते, खुर्चीवर नाही. मधल्या काळात बदली होते आणि सुनावणीला नवा माणूस येतो, ज्याचा काही दोष नसतो. म्हणून त्या काळात जन माहिती अधिकारी कोण होते, त्यांचं नाव आणि कार्यकाळ सांगावा, ही मागणी अपिलातच घालावी. नुकसानभरपाई मागायची तर कलम १९(८)(ख) चा उल्लेख करून प्रवास, झेरॉक्स, टपालाच्या पावत्या जोडाव्यात. पैसे आपल्या हाती येतात ते याच कलमाने. शास्तीतला रुपयाही अर्जदाराला मिळत नाही.

मग येतं ते ठरलेलं उत्तर : ‘सदर संचिका (फाइल) कार्यालयात आढळून येत नाही.’ नकाराची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिलेली आहेत, त्यांत ‘सापडत नाही’ हे कारणच नाही. मी अशा वेळी तीन गोष्टी लेखी मागतो : शोध कोणी, कधी, कुठे घेतला याचं शपथपत्र, संचिका शेवटी कोणाच्या ताब्यात होती ती नोंद, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली जबाबदारी निश्चिती. त्या कायद्यात कलम ९ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ती शिक्षा देणं आयोगाच्या हातात नाही, पण चौकशीचा आदेश निघाला की हरवलेल्या संचिका कपाटातून निघतात, हेही खरं.

आदेश हाती आल्यावर त्याच दिवशी शब्द न् शब्द वाचावा. मागणीचा एखादा मुद्दा सुटला असेल तर कायद्यात पुनर्विलोकनाची, म्हणजे आयोगाने आपलाच आदेश पुन्हा तपासण्याची सोय नाही आणि कलम २३ मुळे दिवाणी दावाही चालत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, एवढाच रस्ता उरतो. आदेश पाळलाच नाही तर मात्र कलम १८ खाली नवी तक्रार त्याच खंडपीठाकडे करता येते. तिला मूळ आदेशाची प्रत आणि तो कार्यालयात पोचल्याचा आवक क्रमांक जोडावा.