वीकेंड कॅम्पिंगची बॅटरी: १०० एएचवर का थांबलो

कॅम्पिंगला गाडीत फ्रिज, दिवे वगैरे चालवायला मागे बसवायची दुसरी बॅटरी ठरली. १२.८ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास), लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे आपली एलएफपी. सोबत ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) आणि एक शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा मीटर. २०० एएच घेतली नाही, पॉवर स्टेशनही (बॅटरी, चार्जर सगळं एकाच डब्यात असलेलं) घेतलं नाही. कारणं जरा सविस्तर लिहितो. बहुतेक सल्ले महिनोन्महिने गाडीतच राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतणाऱ्याचं गणित त्याहून बरंच वेगळं असतं.

आधी खर्चाची बाजू. इथे फ्रिज हाच खरा गिऱ्हाईक, बाकी सगळं किरकोळ. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट ओढतो, पण तो सलग चालत नाही. रात्री हवा गार असली की तासातली पंधरा-वीस मिनिटं चालतो. दुपारी काचा लावून गाडी उन्हात उभी असेल, तर अर्ध्या तासाच्या पुढे जातो. त्याच्या वायरीत छोटा डीसी वॉटमीटर लावून पूर्ण दिवस मोजलं, तेव्हा ४३० वॅट-तास आले. दिव्यांचे रोजचे ५०, रात्रभर चालणाऱ्या छोट्या पंख्याचे ८०, दोन मोबाइलचे ३० आणि लॅपटॉप एकदा चार्ज केला तर ६५. पाण्याचा पंप दिवसातून मोजकी मिनिटं चालतो, तो मी धरलाच नाही. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ हे सुमारे ४० तास धरले, तर बेरीज ११०० वॅट-तासांच्या आसपास येते.

आता जमेची बाजू. १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-तास. एलएफपीतले ९० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे ११५०. थोडक्यात, चाक अजिबात हललं नाही तरी १०० एएचमध्ये वीकेंड निघतो. जेमतेम, पण निघतो.

आणि आपण तर फिरायलाच निघालेलो असतो! शनिवारी एका मुक्कामावरून दुसरीकडे जाताना दीड तास गाडी चालली, तर ३० अँपिअरचा चार्जर तेवढ्यात सुमारे ६०० वॅट-तास परत भरतो. म्हणजे जवळपास एका अख्ख्या दिवसाचा खर्च. हे लक्षात आल्यावर २०० एएचचा विचार सोडून दिला. ज्यादा १०० एएच म्हणजे दहा-बारा किलो वजन, आणि ते माझ्या वापरात वर्षभर नुसतं गाडीतून फिरणार. बॅटरी किती मोठी, यापेक्षा ती रस्त्यात किती वेगाने भरते हा प्रश्न मला वीकेंडसाठी जास्त मोलाचा वाटतो. पुढची सगळी निवड याच प्रश्नावर झाली.

पॉवर स्टेशन मागे पडलं ते याच मुद्द्यावर. डबा उचलून कुठेही नेता येतो, वायरिंग करावं लागत नाही, आत इन्व्हर्टर असतोच. गाडी स्वतःची नसेल किंवा दोन गाड्यांत आलटूनपालटून वापरायचं असेल, तर मी आजही तेच सुचवेन. पण गाडीच्या लायटर सॉकेटमधून ते साधारण १०० ते १२० वॅटनेच भरतं. त्याच दीड तासात हाती पडतात १५०-१८० वॅट-तास, त्यातून फ्रिजचा अर्धा दिवससुद्धा भागत नाही. काही मॉडेलना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या वीज जनित्रावरून) जलद भरणारा वेगळा चार्जर मिळतो, पण तो लावायचा तर जाड वायर पुढून मागे ओढावीच लागते. मग मांडणी कायमचीच केलेली बरी.

एजीएमचाही, म्हणजे बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरीचाही, निकाल तिथेच लागला. १०० एएचचं वजन तीस किलोच्या घरात आणि आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. त्याहून नडणारी गोष्ट अशी की शेवटचे वीसएक टक्के भरताना ती करंट कमी कमी घेत जाते आणि तासन् तास लावते. एलएफपी मात्र जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण करंट घेत राहते. ज्यांचा प्रवास छोट्या छोट्या टप्प्यांचा असतो, त्यांच्या दृष्टीने हा फरक वजनाच्या फरकापेक्षाही मोठा.

एनएमसी हा लिथियमचाच दुसरा प्रकार. त्याचे सेल वजनाने हलके, पण १२ व्होल्टच्या उपकरणांशी त्यांचा मेळ बसत नाही. तीन जोडले तर ११.१ व्होल्ट, चार जोडले तर १४.८. एलएफपीचे चार सेल मात्र नेमके १२.८ वर येतात. शिवाय तापल्यावर बेकाबू होण्याचा धोका एलएफपीत बराच कमी, आणि ही बॅटरी आपल्या झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर असते. या रसायनावरचा मूळ शोधनिबंध १९९७ सालचा, टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे. बॅटरीवरचं लेबल वाचताना मला हे नाव दर वेळी आठवतं.

डीसी-डीसी चार्जर कशाला, दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा साधा रिले का नको, असं काही जणांनी विचारलं होतं. एलएफपीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरला वाराही कमी मिळतो, त्यामुळे तो तापतो. दुसरं, भर चार्जिंगमध्ये बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने) बॅटरी अचानक तोडली, तर व्होल्टेजचा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जाऊ शकतो. तिसरं, नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतात, आणि मग मागच्या लिथियमला काहीच पोचत नाही. डीसी-डीसी चार्जर हे तिन्ही प्रश्न सोडवतो. ५० अँपिअरचा मोह झाला होता, पण ३० देण्यासाठीसुद्धा चार्जर पुढून ३५च्या आसपास ओढतो. कच्च्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एसी, दिवे आणि रेडिएटरचा पंखा चालू असताना त्याहून जास्त मागणं मला पटलं नाही.

वायर १६ चौरस मिमीची घेतली. पुढून मागे पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. १० चौरस मिमीत ३५ अँपिअरला ०.६ व्होल्ट गळतात, १६ मध्ये ०.४ च्या आत राहतात. फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. लिथियमच्या टोकाला क्लास टी फ्यूज लावतोय. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर ओतू शकते आणि साध्या फ्यूजमध्ये तार वितळल्यावरही ठिणगीची कमान चालू राहण्याची भीती असते. क्लास टी २०,००० अँपिअरपर्यंतचा करंट तोडतो. इथे काटकसर नको, ही कळकळीची विनंती.

फ्रिजच्या सॉकेटबद्दल मुद्दाम लिहितो. कॉम्प्रेसर चालू असताना मीटर लावून पाहिलं: बॅटरीवर १३.२ व्होल्ट, फ्रिजच्या प्लगपाशी १२.५. प्लग काढला तर मधलं टोक हाताला गरम लागत होतं. गाडीची मूळ वायर बारीक, त्यात लायटर सॉकेटची स्प्रिंग ढिली. फ्रिजला वाटतं बॅटरीच उतरली, आणि त्याचं बॅटरी-संरक्षण 'हाय'वर असेल तर बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाही तो बंद पडू शकतो. आता ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि घट्ट बसणारा अँडरसन कनेक्टर लावलाय. प्लगपाशी १३ च्या जवळ मिळतात आणि संरक्षण 'लो'वर ठेवलंय, कारण खोल उतरण्यापासून वाचवायला बीएमएस आहेच.

शंट यासाठी की एलएफपीच्या व्होल्टेजवरून काही कळत नाही. वापरातला बराचसा काळ ती १३.३ ते १३.० यांच्या मध्येच असते, ८० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक जेमतेम. अनेक बीएमएस छोटे करंट नीट मोजत नाहीत, त्यामुळे ॲपवरच्या टक्केवारीवर विसंबायचं नाही. शंट मात्र आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. फक्त अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून त्याचा १०० टक्क्यांचा खुंटा पक्का करावा लागतो. त्या निमित्ताने सेलही समपातळीवर येतात.

इन्व्हर्टर घेतलाच नाही. लॅपटॉप १२ व्होल्टवरच्या यूएसबी-सी चार्जरने भरतो. इंडक्शनचा विचार केला होता, पण १८०० वॅटला बॅटरीतून दीडशेच्या वर अँपिअर लागतात आणि या बॅटरीचा बीएमएस १०० चा आहे. स्वयंपाक गॅसवरच.

जागा मागच्या सीटच्या पाठीशी, केबिनमध्ये. इंजिनाजवळची उष्णता एलएफपीला सोसत नाही. थंडीत जाणाऱ्यांनी बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे ना, हे घेण्याआधी बघा. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर सेलच्या आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि ती हानी भरून निघत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवणार आहे.

सध्या ब्रॅकेटचं काम चालू आहे. अकरा किलोचा ठोकळा नुसत्या पट्ट्याने बांधून भागणार नाही, म्हणून लोखंडी चौकट, आरपार बोल्ट आणि खालून आधाराच्या पट्ट्या. भोकं पाडण्याआधी गाडीखाली शिरून इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून गेल्यात ते खडूने आखून घेतलंय.

सोलरचं अजून ठरायचंय. टपावर आडवं ठेवलेलं १०० वॅटचं पॅनल भर दुपारीही ६०-७० वॅटच्या आसपास देतं. शिवाय फ्रिजसाठी गाडी सावलीत लावायची आणि पॅनलला ऊन हवं, हे एका टपावर जमत नाही. त्यामुळे लांब वायरीचं घडीचं पॅनल घ्यावं असं मत झालंय. पण त्याआधी बॅटरी बसवून कच्च्या रस्त्यावर मंद गतीत चार्जर प्रत्यक्षात किती अँपिअर देतो आणि अल्टरनेटर किती तापतो, हे मोजायचं आहे. ते आकडे पुढच्या नोंदीत.